खिडकीकडची धायटी

मोठ्या मुलीचं लग्न झालं त्या वर्षी मावशीने धायटीचं रोप घरी आणलं. आमंत्रण द्यायला ती माहेरी गेली होती. येताना टेकडीवरून वीतभर रोप उकरलं, मुळांना ओलं फडकं गुंडाळलं आणि दोन बसगाड्या बदलत मांडीवर सांभाळून आणलं.

मावशी हे तिचं हॉस्पिटलातलं नाव. तिथल्या धुलाईघरात ती सव्वीस वर्षं चादरी धूत होती. सकाळी सहाला जायचं, वाफेत उभं राहायचं, ओल्या चादरी पिळून पिळून मनगटं बधिर करून घ्यायची. घरी येईपर्यंत पाय असे भरून यायचे की उंबऱ्यावर बसून चपला काढतानाही मध्ये एकदा दम खावा लागे.

घराच्या कडेला, रस्त्याची बुटकी भिंत आणि स्वयंपाकघराची खिडकी यांच्यामध्ये, दोन खाटा मावतील एवढी जागा होती. रोप तिथे लावलं. मावशीचं मागणं फार नव्हतं. भांडी घासताना मान वर केली की खिडकीतून लाल फुलं दिसावीत, एवढंच. लहानपणी ती आणि तिची बहीण टेकडीवर जाऊन धायटीची फुलं तोडायच्या आणि देठाकडून त्यातला थेंबभर मध चोखायच्या. त्यानंतर तिने आयुष्यात पुष्कळ पाहिलं, पण फुललेली धायटी काही पाहिली नव्हती.

नवरा न्हावी. सगळी गल्ली त्यांना वस्ताद म्हणे. चाळीस वर्षं त्यांनी दुकान चालवलं. मोठीच्या लग्नानंतर दुसऱ्या वर्षी त्यांचा हात थरथरू लागला आणि एका जुन्या गिऱ्हाइकाच्या कानाला कात्री लागली. गिऱ्हाईक भलं माणूस, हूं की चूं केलं नाही. पण वस्तादांनी त्याच संध्याकाळी दुकानाला कुलूप घातलं. कात्री, कंगवा आणि पाण्याचा फवारा तेवढा घरी आणला.

मग त्यांचे हात शिवशिवू लागले. धायटी तोवर कमरेएवढी झाली होती. एका रविवारी वस्तादांनी तिच्यापुढे स्टूल ठेवलं, खांद्यावर टॉवेल टाकला, पानांवर फवारा मारला आणि चक्क कंगवा फिरवला.

"अहो, झाडाला कसला कंगवा?"

"अगं, बघ कशी झिपरी झालीय. वस्तादाच्या दारात असलं ध्यान? लोक काय म्हणतील!"

तेव्हापासून दर दुसऱ्या रविवारी धायटीची हजामत ठरलेली. गोल, नेटकी, एक पान इकडचं तिकडे नाही. पोस्टमन भिंतीवरून डोकावून म्हणायचा, "वस्ताद, यानंतर माझा नंबर."

"तुझ्या डोक्यावर कापण्यासारखं राहिलंय काय? पुढे हो!"

वर्षं गेली. धायटी हिरवीगार, पण फूल म्हणून नाही. मावशीला वाटलं माती वाईट. हॉस्पिटलातून आल्यावर, कंबर मोडेपर्यंत खणून, तिने बुडातली माती बदलली. मग वाटलं पाणी कमी पडतंय. बादल्या ओढल्या. मग वाटलं जास्त होतंय. बादल्या थांबवल्या. शेवटी एकदा दोरीवर चादरी वाळत घालताना तिने हॉस्पिटलच्या माळ्याला गाठलं.

"ऊन लागतं का तिला?" माळ्याने विचारलं.

"लागतं."

"छाटता वगैरे का?"

"महिन्यातून दोनदा. आमचे मालक न्हावी आहेत ना."

माळी हसला तो खोकला येईपर्यंत हसला. "मावशी, धायटी गेल्या वर्षीच्या लांब फांदीवर फुलते. तुम्ही तिची फांदी वर्षाची होऊच देत नाही. कुठून फुलणार बिचारी? कात्री बंद करा. दुसरं काही नको."

मावशीही हसली. अर्ध्या वाटेत तिचं हसू विरलं.

त्या रविवारी ती बोलायचं ठरवून दारात आली. वस्ताद स्टुलावर बसून कापत होते. हात थरथरत होता, कात्री वेडीवाकडी जात होती, पण झाडाला कान नव्हते. कापून झाल्यावर त्यांनी टॉवेल झटकला, मागे सरून डोकं तिरकं करून पाहिलं आणि त्या दिवशी दोन घास जास्त जेवले. एरवी तेरा दिवस ते भिंतीकडे बघत बसत. मावशी परत आत गेली आणि भांडी घासू लागली. वर्षभर तिने तोंड उघडलं नाही.

उघडलं ते एका भलत्याच दिवशी. धुलाईघरात जोडीदारीण आली नव्हती. मावशी दोघींचं काम उपसून घरी आली तेव्हा अंगात त्राण नव्हतं. वस्ताद खुशीत म्हणाले, "बघ, या खेपेला कट जरा आत घेतलाय."

मावशी तिथेच, कापलेल्या फांद्यांमध्ये, जमिनीवर बसली. "तुम्ही फुलं कापता," ती म्हणाली. माळी काय म्हणाला तेही सांगितलं.

वस्ताद कात्रीकडे बघत राहिले. "तुला कधी कळलं?"

"वर्ष झालं."

"मग बोलली का नाहीस?"

"मग तुम्ही काय कापलं असतं?"

त्यांनी कात्री पुसून डब्यात ठेवली. पुढचे दोन रविवार स्टूल बाहेर आलं नाही. वस्ताद अर्धं जेवून उठायचे. तिसऱ्या रविवारी मावशीनेच स्टूल बाहेर नेऊन ठेवलं.

"खिडकीकडची बाजू माझी, रस्त्याकडची तुमची. माझ्या बाजूला हात लावाल तर बघा."

वस्तादांनी बराच वेळ झाडाकडे पाहिलं. मग कंगव्याने मधोमध भांग पाडला, तो चुकू नये म्हणून पांढरा दोरा बांधला आणि आपल्या बाजूला कात्री लावली.

"वस्ताद, गिऱ्हाईक अर्ध्यातून पळालं की काय?" पोस्टमन म्हणाला.

"ते अर्धं डोकं बायकोचं आहे बाबा. तिथे आपलं चालत नाही."

मावशीची बाजू वाढली, झिपरी झाली, फांद्या खिडकीवर आपटू लागल्या. पुढच्या फेब्रुवारीत भांडी घासताना तिने मान वर केली तर फांदीभर लाल नळ्या लोंबत होत्या. तिने हाक मारली. वस्ताद कात्री हातात घेऊनच आत आले आणि तिच्या शेजारी उभं राहून खिडकीतून बघू लागले. मावशीला आनंद झाला, पण तोही दमलेलाच. तिने ओल्या हाताने एक फूल तोडून त्यांना दिलं.

"पाण्यासारखं लागतंय," वस्ताद चोखून म्हणाले.

"सकाळी लवकर चोखायचं असतं. आता मुंग्यांनी नेलं."

"मग उद्या उठव लवकर."

रस्त्याकडची बाजू हल्ली मावशी कापते, दर दुसऱ्या रविवारी. तिला नीट जमत नाही. एका अंगाला खड्डा पडतो, दुसरीकडे शेपूट राहतं. पोस्टमन भिंतीवरून बघतो आणि काही न बोलता पुढे जातो.

धायटी दुसऱ्यांदा फुलली त्या वर्षी, तीन मार्चला, मंगळवारी सकाळी आठच्या सुमाराला वस्ताद गेले. मावशी तेव्हा धुलाईघरात होती.