ड्रमापुढचा दिवा

अकोल्यात टेसनाच्या पल्याड औषधीचा एक लहान कारखाना होता. खोकल्याचं औषध, टिंक्चर, डोक्याले लावाचा बाम. म्या तिथं मुकादम होतो, आन माही घरवाली सत्यवती बाटल्या भरे. बासष्ट सालची गोष्ट.

त्या उन्हाळ्यात देवमन नावाच्या मजुराचं बोट औषधी कुटाच्या मशीनच्या पट्ट्यात गेलं. दोन पेरं तिथंच राह्यले. मंग मॅनेजर पंजाबराव साहेबानं मले बोलावलं.

"बुधाजी, आठ दिवस फिर. मानूस कुठं मरू शकते, थे पाह्य. आन पयले काय दुरुस्त कराचं, थे सांग."

मले लिवता येत नाही. म्या खिशात चिचोके भरले अन् एकएका जाग्याचा एकएक डबा केला. रोज जितक्या जनाईचा हात तिथं जाते, तितके चिचोके. बिघडलं तं जितके मरतीन, तितके वरून. पट्ट्याच्या डब्यात सात पडले. बायलरच्या अकरा, थो गुरगुरे, म्हनून सारे त्यालेच भेत. अन् स्पिरिटच्या खोलीचा डबा काठोकाठ भरला.

साहेब हासले. "अरे, थे खोली तं सगळ्यात गार. आजवर काही झालं तिथं?"

"झालं असतं तं सांगाले कोन उरलं असतं, साहेब?"

कारन खोलीची तऱ्हाच तशी. तीन ड्रम. एकाची तोटी गळे, तिच्याखाली बालटी. बाया बाटल्या भरत थे खोली तिच्या मांगं, अन् तिले दुसरं दार नोयतं. जाचं-याचं स्पिरिटच्याच खोलीतून.

पन रगत पट्ट्यानं काढलं होतं. पट्ट्याले जाळी लागली. तोटीचं म्हने दिवाळीनंतर पाहू.

मंग आली खांडेनवमी. मशीनी धुतल्या, झेंडूचे हार घातले. आमी बौद्ध झालो त्याले सा वर्सं झाले होते, पूजा सुटली होती. म्या बाहेर नळापाशी बसलो.

"काय बुधाजी," देवमन म्हने, "पूजा नाही, पन पेढा तं चालते ना?"

"पेढ्याची जात कोनं पायली रे? आन दोन."

तितक्यात मैनामाय आली. बाटल्या धुनारी म्हतारी, साऱ्याईची माय. हातातलं ताट रिकामं.

"झाले दिवे, माय?"

"झाले बाप्पा. साऱ्या मशीनीईले देला. त्या ड्रमानंच काय पाप केलं? त्यालेबी ठेवला एक."

माह्या तोंडातला पेढा तोंडातच राह्यला.

तिथं बिडी नेऊ नये, हे साऱ्याईले ठाऊक होतं. मैनामायनंच दोघातिघाईच्या बिड्या हिसकून फेकल्या होत्या. पन दिवा काही बिडी नोय. दिवा म्हंजे देव.

म्या पयत गेलो अन् दारात थांबलो. बालटीपासून दोन हातावर, खाली फरशीवर दिवा. ज्योत नेहमीपेक्षा उंच झालेली, तिले निय्या रंगाची झालर. तोटीतून थेंब पडे, टप, अन् थे झालर हाले. आतून बायाईचं हासनं ऐकू येत होतं. त्यात सत्यवतीचं मले वेगळं वयखू आलं.

वरडलो असतो तं बारा बाया लुगडे हालवत त्या दिव्यावरूनच पयाल्या असत्या. फुक मारली असती तं ज्योत बालटीकडं वाकली असती. चपलेले लोखंडी खिये होते, ठिनगी उडू नये म्हनून थे बाहेर काढली. नळाखालचं ओलं पोतं उचललं. चार पावलं होते, पन बावा, अकोल्याहून मूर्तिजापूर जवळ वाटे. हर पावलाले वाटे, आता, आता.

दम धरला, पोतं हळूच खाली सोडलं. ज्योत चुर्र झाली. म्या तसाच वाकलेला. कंबर सरळच होईना.

"दिवा इझवला वं! बुधाजीनं नवमीचा दिवा इझवला!" मैनामाय दारात रडत होती.

देवमननं मले बाहेर वढलं, गचांडी धरली. "तुले चालत नाही तं घरी बसाचं होतं! आमच्या देवाले काहून हात लावला?"

पाचसहा जन गोया झाले. थेबी भेव होतंच, खोटं काहून बोलू. आगीतून वाचलो अन् मानसाईत मरतो, असं वाटलं.

"बालटी," म्या कसंतरी म्हटलं. "बाहेर आना. वाटीभर घ्या."

अंगनात मधोमध स्पिरिटची वाटी ठेवली. म्या लंब्या बांबूले चिंधी बांधून पेटवली अन् सरकवत नेली. चिंधी वाटीले टेकलीबी नोयती. भक्क! देवमन मांगं पडला.

"अन् आत असे तीन ड्रम," म्या म्हटलं.

मैनामाय मटकन खाली बसली. आतून बाया बाहेर आल्या, सत्यवतीनं इचारलं, "तुमी असे ओले काहून?" म्या चप्पल शोधाले लागलो.

पंजाबराव साहेबानं त्याच दिवशी तोटी बदलवली. मांगची भिंत फोडून दुसरं दार काढाले दिवाळी उजाडली. म्या चिचोक्याचा डबा घेऊन त्याईच्यापुढं गेलो.

"साहेब, माहं मोजनं चुकलं. मशीनी मोजल्या, सनवार मोजलाच नाही."

दुसऱ्या वर्सी नवमीले म्या सकायपासून स्पिरिटच्या खोलीच्या दारात उभा. मैनामाय ताट घेऊन आली. ताटात एक झेंडू होता फक्त.

"सरक," म्हने. "फूल पेटत नाही ना रे?"

"नाही माय."

तरी म्या वाकून थे फूल हुंगून पायलं.