मा ली-छ्यांग आणि तीन बैल

होंग दा-बनच्या घरी टायपिंगवरची त्रेसष्ट पुस्तकं होती आणि टाइपरायटर एकही नव्हता. "पाककृतींची शंभर पुस्तकं आणि घरात चूल नाही," असं त्याची बायको यू-लान आल्यागेल्याला सांगायची. तिला बोलायचा हक्क होता. ताइचुंग शहरातल्या एका पंपांच्या कंपनीत तिने लग्नाआधी अकरा वर्षं टायपिंग केलं होतं. दा-बनने आयुष्यभर टपाल वाटलं, आणि टाइप केलेली पाकिटं हाताळता हाताळता त्याला हा नाद लागला.

चौसष्टावं पुस्तक देवळामागच्या रद्दीवाल्याकडे मिळालं. शिकाऊ टायपिस्टांसाठीचं, मागे घडी घातलेला तक्ता असलेलं. चिनी टाइपरायटरला बटणं नसतात. शिशाच्या अडीच हजार अक्षरांचं एक ताट असतं आणि कुठलं अक्षर कुठे बसवायचं ते टायपिस्ट ठरवते. रोज लागणारी अक्षरं हाताशी, एकमेकांना खेटून. म्हणजे ताट पाहिलं की बाईच्या मनातलं कळतं, असं दा-बनचं ठाम मत होतं. या मतानेच त्याचा घात केला.

कारण तक्त्यावर कुणीतरी पेन्सिलने आपली मांडणी लिहिली होती, आणि ते हस्ताक्षर यू-लानचं होतं. फ्रिजवरच्या यादीत 'दोडके' लिहिताना ती शेवटच्या रेघेला असाच झटका देते. आणि तक्त्याच्या अगदी मधोमध, हात आपोआप पडतो तिथे, तीन अक्षरं चिकटून बसली होती. मा, ली, छ्यांग.

मा ली-छ्यांग. चांगलं भरभक्कम पुरुषाचं नाव. मा म्हणजे घोडा, हे आडनाव तर गल्लोगल्ली. दा-बनने चष्मा पुसून अडीच हजार घरं तपासली. त्याच्या स्वतःच्या नावातला 'बन', म्हणजे दोघांवर एक रचलेले तीन बैल, कुठेच नव्हता. घोडा मधोमध आणि बैल हद्दपार.

छत्तीस वर्षांचा संसार एका घडीच्या कागदावर आला. त्याने यू-लानला काही विचारलं नाही. आधी पुरावा हवा. टेलिफोनच्या यादीत एकच मा ली-छ्यांग सापडला, तोही दंतवैद्य. दा-बनचे दात उत्तम होते, तरी तो जाऊन खुर्चीत आडवा झाला आणि उघड्या तोंडाने माणूस निरखू लागला. वैद्य चौतिशीचा होता. यू-लान कंपनीत होती तेव्हा जन्मलाही नसणार. पण ही सबब दा-बनला जरा जास्तच सोयीची वाटली. विचार करण्यापुरता वेळ मिळावा म्हणून तो एका दाढेकडे बोट दाखवून बसला, आणि वैद्याने ती काढली.

गालात कापूस घेऊन तो घरी आला तेव्हा यू-लान बांबूचे कोंब सोलत होती.

"मा ली-छ्यांग," तो म्हणाला. कापसामुळे ते "मा ई-यांग" असं निघालं, पण तिला कळलं.

"त्याचं काय?"

"ओळखतेस?"

"अकरा वर्षं. दिवसातून चाळीसदा."

दा-बनने खुर्चीची पाठ धरली. "चाळीसदा."

"लावणीच्या दिवसांत साठ. सगळी कंपनी त्याच्या जिवावर चालायची. एकदा शेतात उतरला की..."

"पुढचं नको."

तिने सुरी थांबवली. त्याने तक्ता पुढे सरकवला. तिने तो पाहिला, मग त्याचा सुजलेला गाल पाहिला.

"म्हाताऱ्या, माणूस कुठला? मा-ली म्हणजे घोड्याची ताकद. अश्वशक्ती. छ्यांग म्हणजे जबरदस्त. प्रत्येक पंपाच्या पत्रकाची पहिली ओळ तीच. गावोगाव ती पत्रकं वाटली कुणी?"

दा-बननेच वाटली होती. सायकलवरून, बारा वर्षं.

"आणि हे विचारायला दात काढून घेतलास?"

"नुसता साफ केला," तो म्हणाला. मग, कारण संशय असा एका पंपाने उपसला जात नाही: "पण मी का नाही तक्त्यात?"

"ताटात नसायचासच तू. तीन बैल कुणाला लागतात? जादा डब्यात पडून असायचास. चिमट्याने उचलायचा, वापरायचा, परत ठेवायचा."

"वापरायचीस कशाला?"

तिने हात पुसले. उठून शिवणाचा डबा घेऊन आली. बटणांच्या तळाशी शिशाचा एक छोटा चौकोनी तुकडा होता. नोकरी सोडताना उचलला, म्हणाली. कंपनीला अजून माहीत नाही, आणि तूही बोलू नकोस.

दा-बनने तो उजेडात धरला. तीन बैल होते खरे, पण तोंडं भलतीकडे. छापायचं अक्षर उलटं असतं हे त्याला चौसष्ट पुस्तकांनी सांगितलं होतं. तरी तो न्हाणीघरात गेला, दार लावलं आणि तुकडा आरशासमोर धरला.

बैल वळले. त्याचेच होते.