माढ्याचा पाहुणा

मी एक जुनं पॅकेज आहे. मित्रांनो, पॅकेज म्हणजे संगणकात बसवायच्या प्रोग्रॅमचं बांधलेलं गाठोडं. माझ्या पोटात रक्तदात्यांची यादी दाखवणारं वेब ॲप्लिकेशन आहे. सोलापूरच्या नवी पेठेत, साड्यांच्या दुकानाच्या माडीवर, प्रोग्रॅम लिहिणाऱ्या भुवनेश्वरीनं मला लिनक्स या संगणक प्रणालीसाठी बांधलं.

ॲप्लिकेशनची पानं लोकांपर्यंत पोचवणारा कारभारी म्हणजे वेब सर्व्हर. असे सर्व्हर अनेक असतात, मला मात्र एकाचीच सवय होती.

माढ्याच्या एका लहान दवाखान्यात मला बसवलं. तिथल्या संगणकावर आधीच दुसरा सर्व्हर होता आणि त्याच्याच जिवावर रुग्णांचे नंबर लागत. मी माझा सर्व्हर सोबत आणला, तिथल्याला हुसकावलं आणि दार अडवून बसलो. नंबर ठप्प! तापानं फणफणलेली लेकरं घेऊन बाया ताटकळल्या. मला फार लाज वाटली.

तिथल्या परिचारिकेनं, चंद्रव्वानं, फोनवरच भुवनेश्वरीची हजेरी घेतली. "तुजा पाहुणा आला आन् घरच्यालाच भाईर काढलं की! उचल त्याला आदी."

"अक्का, आठ दिवस द्या. त्याला नीट वागायला शिकवते."

"आटच हां! न्हायतर आमची रक्त देणाऱ्यांची वहीच बरी. तिच्यातले निम्मे फोन नंबर बंद हायत, पर ती कुणाला भाईर काढत न्हाय."

तेवढा एक संगणक हातानं दुरुस्त करणं सोपं होतं. पण भुवनेश्वरी हट्टाला पेटली. तिनं मला पुरतं उसवलं. माझा सर्व्हर काढून घेतला, यादी वेगळ्या जागी ठेवली आणि मला कसं चालवायचं ते सांगणारी एकेक चिठ्ठी प्रत्येक सर्व्हरसाठी लिहून दिली. इथं कोण आहे ते आधी विचारायचं, त्याचीच चिठ्ठी त्याला द्यायची, दुसऱ्याच्या मांडणीला हात लावायचा नाही. ओळखीचं कुणी नसलंच, तर साधी सूचना दाखवून गप्प बसायचं. तीन तऱ्हेच्या सर्व्हरांवर तिनं मला बसवलं, काढलं, पुन्हा बसवलं. मी मेटाकुटीला आलो, ती नाही.

आठव्या दिवशी मी पुन्हा माढ्याला गेलो. चंद्रव्वा भुवनेश्वरीला म्हणाली, "बसवलंस व्हय? हितं तर कायच हललं न्हाय की!" एवढं मोठं कौतुक मला पुन्हा लाभलं नाही.

काम बिनबोभाट चाललं की माणसं विसरतात. मलाही विसरली. गेल्या महिन्यात तो संगणक कायमचा बंद पडला आणि नेमकं त्याच दुपारी एका बाळंतिणीला रक्त हवं होतं. भुवनेश्वरीचा फोन लागेना. चंद्रव्वानं जपून ठेवलेली माझी आणि यादीची प्रत काढली. दवाखान्यात नुकत्याच आलेल्या नव्या संगणकावर ती बसवली; तिथं तिसराच सर्व्हर होता. मी विचारलं, त्याची चिठ्ठी दिली आणि कामाला लागलो. यादी उघडली. तिच्यातला टेंभुर्णीचा गुरुसिद्धप्पा तासाभरात रक्त द्यायला हजर झाला आणि ती माय वाचली.

मित्रांनो, माझ्यासारखी जुनी पॅकेजं अधूनमधून उघडून बघा, काळाप्रमाणे सुधारा, त्यांची प्रत जपा. एवढंच मागणं आहे.

चंद्रव्वानं त्या नव्या संगणकावर कागद चिकटवला आहे: 'ह्या पॅकेजाला कुणी काडू नका. घरचं हाय.'