सहा नंबरची जागा

टिल्लीच्या मनगटावर तो नारिंगी पट्टा काही बसेना. जहाजावरच्या बाईने तो शेवटच्या भोकापर्यंत आवळून पाहिला, पण टिल्लीने हात झटकला की पट्टा सुळकन बोटांवरून खाली येई. शेवटी बाई खाली वाकली, पट्टा तिच्या घोट्याला बांधला आणि आकडा वर दिसेल असा फिरवून ठेवला.

"सहा नंबर," ती म्हणाली. "भोंगा वाजला की सगळ्यांनी आपापल्या नंबरच्या जागी जमायचं. ही तेव्हा खेळघरात असली तर आमच्या बायका पट्ट्यावरचा नंबर बघून आणून देतील."

सुनेने स्वतःचं कार्ड उलटून पाहिलं.

"माझ्या कार्डावर तर दोन आहे."

"मूल ज्यांच्या खोलीत, त्यांचा नंबर मुलाला. फॉर्मवर पालक म्हणून आजोबांचं नाव आहे."

"अगं, पाळणा मावेल अशी खोली आमचीच होती," आजोबा मध्येच म्हणाले. "आणि म्हटलं, सात दिवस तरी तुला सलग झोप मिळू दे. वर्षभरात डोळ्याला डोळा लागलाय का तुझा?"

सुनेचे डोळे लगेच भरून आले. "बाबा, किती विचार करता तुम्ही," ती म्हणाली.

आजीने हातातल्या पिशवीची चेन उघडली आणि पुन्हा लावली. पिशवीतून तिला काही काढायचं नव्हतं.

त्या फॉर्ममागची गोम तिला ठाऊक होती. आजोबांनी चौतीस वर्षं नोंदणी कचेरीत काढली होती. आवाज चढवणं त्यांना कधी जमलं नाही आणि तशी गरजही पडली नाही, कारण त्यांच्या वतीने कागद बोलत. अकरा महिन्यांपूर्वी त्यांचा मुलगा गेला. लिफ्टची दुरुस्ती करणारा माणूस, लिफ्टच्याच खड्ड्यात पडून गेला. टिल्ली तेव्हा चार महिन्यांची होती. सून चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांचे डोळे तपासायची. ती कामावर गेली की टिल्ली दिवसभर आजीच्या कडेवर. असं करत घर जरा कुठे उभं राहत होतं, तोच दोन महिन्यांपूर्वी जेवता जेवता सुनेने सांगितलं की तिला दुसऱ्या शहरात चांगली नोकरी मिळाली आहे. इथून बारा तासांचा प्रवास. तिची बहीण तिथेच राहते. तीन महिन्यांनी, एक तारखेला ती टिल्लीला घेऊन निघेल. पोरीने लपवाछपवी काही केली नाही, समोर बसून सांगितलं. आजोबांनी मान डोलावली, पानातलं सगळं संपवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ओळखीच्या वकिलाकडे गेले.

वकील म्हणाला, कोर्ट बघतं की मूल कोणाला सरावलंय. कोणाजवळ झोपतं, कोणाच्या हातून खातं, रडलं की कोणाकडे धावतं. तुमच्याजवळ राहावं असं वाटत असेल तर हे दाखवता आलं पाहिजे.

म्हणून ही समुद्रसफर. सुनेला वाटलं, जाण्याआधी म्हातारा-म्हातारीला नातीबरोबर सात दिवस मिळताहेत, मिळू देत. आजोबांना मात्र फोटो हवे होते आणि कागद हवे होते. आई एका केबिनमध्ये, मूल दुसऱ्या केबिनमध्ये, तारीखवार. हे सगळं आजीला माहीत होतं आणि तिने तोंडातून ब्र काढला नव्हता. कारण अगदी सरळ होतं. तिला टिल्ली हवी होती. टिल्ली गेल्यावर त्या घरात सकाळी उठायचं तरी कशासाठी?

पंधरा महिन्यांच्या मुलाला घेऊन जहाजावर जायची कल्पना ज्या कोणाला पहिल्यांदा सुचली असेल, त्याने स्वतः मूल सांभाळलेलं नसणार. टिल्ली नुकती पाय टाकायला लागली होती. तिने चार पावलं टाकली की जहाज पाचवं टाकू देत नसे. ती धपकन बसे आणि जमिनीकडे रागाने बघे. कठड्याच्या दोन गजांमधून तिचं डोकं जाईल की नाही, हे आजी दर वेळी नव्याने डोळ्यांनी मापून बघे. जेवणघरातल्या उंच खुर्चीचा पट्टा तिने दोन दिवसांत चावून मऊ केला. सुनेला दुसऱ्याच दिवशी बोट लागली. ती लिंबू हुंगत आपल्या केबिनमध्ये पडून राही, मधूनच भिंत धरत धरत वर येई आणि टिल्लीला मांडीवर घेऊन डोळे मिटून बसे.

आजोबा फोटो काढत होते. आजी केळं कुस्करून भरवताना, आजी अंग पुसताना, आजीच्या कुशीत टिल्ली झोपलेली असताना. सून चौकटीत आली की ते फोन खाली घेत आणि चष्मा पुसू लागत. एकदा सुनेनेच हौसेने म्हटलं, "बाबा, आमचा तिघींचा काढा ना." आजोबांनी काढला. संध्याकाळी आजीने फोन उघडून पाहिलं, तर तो फोटो त्यात नव्हता.

चौथ्या दिवशी सुनेला जरा बरं वाटलं. सकाळी दहाच्या सुमाराला तिने टिल्लीला खेळघरात नेऊन बसवलं. येताना ती आजी-आजोबांच्या केबिनमध्ये डोकावली, केस धुऊन येते, अर्ध्या तासात तिला घेते, असं सांगून खाली गेली. तिला जाऊन दहा मिनिटं झाली असतील नसतील, भोंगा वाजला. सात आखूड आणि एक लांब.

पहिल्या दिवशी सराव झाला होता, तेव्हा लोक हसत होते, एकमेकांच्या जॅकेटचे फोटो काढत होते. आज बोळात जळक्या कापडाचा वास येत होता आणि कोणी हसत नव्हतं. खालच्या धुलाईघराने पेट घेतला होता, हे नंतर कळलं. आजी-आजोबा जॅकेटं चढवून सहा नंबरला पोचले. सहा नंबर म्हणजे जेवणघरच. खुर्च्या भिंतीला सरकवलेल्या, दाराशी यादी घेऊन एक मुलगी उभी. सगळ्यांना खाली बसवून मोजत होते. आजीचा जीव थाऱ्यावर नव्हता. पाच-सात मिनिटांनी खेळघराची बाई आली. तिच्या कडेवर लहानसं जॅकेट घातलेली टिल्ली होती. बाईने पट्ट्यावरचा नंबर वाचला, आजोबांची सही घेतली आणि मूल आजीच्या मांडीवर ठेवलं.

यादीवाली मुलगी जवळ आली. "हिची आई दोन नंबरला आहे ना? मूल इथे सुखरूप आहे, असं वायरलेसवरून कळवू का त्यांना?"

"कळवलंय," आजोबा म्हणाले. "आत्ताच फोनवर बोलणं झालं."

मुलगी पुढच्या कुटुंबाकडे गेली. चाळीस वर्षांच्या संसारात आजीने त्यांच्या तोंडून असं धडधडीत खोटं पहिल्यांदा ऐकलं. सफाईने बोलले. जणू सहीच केली खाली.

"अहो, असं काय?" ती कुजबुजली. "वेडी होईल ती तिथे."

"कळेल तिला. इथे सगळी व्यवस्था आहे."

"फोन तरी लावा."

"हे बघ, भोंगा झाला तेव्हा ती कुठे होती? आंघोळीला. मूल कोणाजवळ आलं? आपल्याजवळ. मी काही बनवून सांगत नाहीये." त्यांनी टिल्लीच्या जॅकेटचा बंद नीट केला. "आता गप्प बस."

आणि आजी गप्प बसली. यादीवाली मुलगी तिथून चार हातांवर होती, एक हाक पुरली असती. त्यापुढे जवळजवळ तासभर आजी गप्पच होती, आणि खरं सांगायचं तर त्यातला बराचसा वेळ ती सुखात होती. टिल्ली तिच्या छातीवर डोकं टेकून झोपी गेली. तिच्या मानेला घाम आला होता, तो आजीने पदराने टिपला. आग लागलेल्या जहाजात बसून तिला वाटत होतं, बस, असंच चालू राहू दे. ही माझ्याजवळ आहे. दोन नंबरला काय चाललं असेल, याचा विचार मनात आला की ती टिल्लीच्या पाठीवर थोपटे आणि तो विचार मागे सारी.

आग विझल्याची घोषणा झाली. लोक उठू लागले. आजीही टिल्लीला छातीशी धरून उभी राहिली. दाराशी गलका झाला आणि सून आत आली.

तिच्या केसांतून पाणी गळत होतं. पाय अनवाणी, जॅकेट उलटं घातलेलं. ती आधी खेळघराकडे धावली होती. तिथे दाराला कुलूप होतं. मग दोघांनी तिला धरून दोन नंबरला नेलं, आणि तिथून कोणी हलू दिलं नाही. टिल्ली सहा नंबरला पोचली की नाही, हेही तिथे कोणाला माहीत नव्हतं. ओरडून ओरडून तिचा आवाज बसला होता. तिला टिल्ली दिसली. तिने तोंड उघडलं, पण त्यातून नुसती हवा आली. तिने दोन्ही हात पुढे केले.

टिल्ली झोपेतून दचकून उठली. समोरचे ओले केस, ते लाल डोळे तिला ओळखीचे वाटले नाहीत. तिने तोंड फिरवलं आणि आजीच्या मानेत घट्ट खुपसलं.

"ये गं," सून घोगऱ्या आवाजात म्हणाली. "ये ना. आई आहे."

टिल्लीने आजीचा पदर मुठीत धरला.

आजोबा दोन पावलं मागे सरकले होते. त्यांच्या हातात फोन होता आणि त्यावरचा तांबडा ठिपका लुकलुकत होता. "बघ, जात नाही," ते अगदी मृदू आवाजात म्हणाले. फोनला ऐकू जाईल, इतकं स्पष्ट. "सवय आजीची आहे. जबरदस्ती करू नकोस तिच्यावर."

आजीला वकिलाचं बोलणं आठवलं. रडलं की कोणाकडे धावतं. आता तिने काही करायचंच नव्हतं, नुसतं उभं राहायचं होतं. बाकीचं सगळं आपोआप झालं असतं. तिने सुनेच्या हातांकडे पाहिलं. ते अजून पुढेच होते. लिफ्टच्या खड्ड्यातून काढून आपल्या मुलाला घरी आणलं त्या दिवशी आजीने असेच हात पुढे केले होते. त्याच्याजवळ जाऊ देऊ नका तिला, बघवणार नाही, असं म्हणून चांगल्या मनाच्या माणसांनी तिचे दंड धरून ठेवले होते. त्यांचं तिने आजवर कधी वाईट चिंतलं नव्हतं, पण ती ते विसरलीही नव्हती.

तिचा हात टिल्लीच्या जॅकेटखाली गेला. मांडीच्या आतल्या बाजूची मऊ कातडी तिने दोन बोटांत धरली आणि नखं लावून, जीव खाऊन पिळली.

टिल्लीची किंकाळी सगळ्या जेवणघराने ऐकली. ती धनुष्यासारखी ताणली गेली, आजीच्या तोंडावर हात मारून तिने स्वतःला पुढे लोटून दिलं. सुनेने तिला अधांतरीच झेललं. तिच्या गळ्याला दोन्ही हातांनी विळखा घालून टिल्ली रडत राहिली, आणि सून तिथेच जमिनीवर बसून तिला झुलवत राहिली. काही लोकांनी डोळे पुसले. काहींनी टाळ्याही वाजवल्या.

दुपारी केबिनमध्ये आजोबांनी ते चित्रण तीनदा पाहिलं. तिसऱ्यांदा त्यांनी मध्येच थांबवून ते मोठं केलं.

"तुझा हात दिसतोय यात," ते म्हणाले.

"दिसणारच."

"असं का केलंस तू? हातातोंडाशी आलं होतं."

"दाखवा ना वकिलांना," आजी म्हणाली. "कोण कोणाकडे धावलं, ते दाखवा."

थोड्या वेळाने दारावर टकटक झाली. सून होती, कडेवर टिल्ली. आवाज अजून नीट फुटत नव्हता.

"हिला आजपासून माझ्याकडेच झोपवते," ती म्हणाली. "पाळणा नसला तरी चालेल. कपडे न्यायला आलेय."

आजोबा फोन खिशात घालून खिडकीकडे तोंड करून बसले. सुनेने टिल्लीला पलंगावर निजवलं आणि आलीच आहे तर लंगोट बदलावा म्हणून फ्रॉक वर केला. मग तिचे हात थांबले. मांडीच्या आत रुपयाएवढा काळानिळा डाग होता आणि त्यावर नखांच्या दोन तांबड्या चंद्रकोरी.

"आई, हे काय?"

आजीने आजोबांच्या पाठीकडे पाहिलं. सगळं सांगता आलं असतं. वकील, फॉर्म, वायरलेस, आणि जेवणघरातला तो तासभर. पण हे तुझ्यासाठी केलं असं सांगायचं, तर तो तासही सांगावा लागला असता.

"मी चिमटा काढला," ती म्हणाली.

"तुम्ही?"

"मांडीवर स्वस्थ बसेना. राग आला."

सून तिच्याकडे बघत राहिली. रोज परक्या माणसांच्या डोळ्यांत बघायचं तिचं काम होतं. तसंच, काही शोधत असल्यासारखं बघितलं तिने. आजीने नजर हलवली नाही. शेवटी सुनेने मान खाली घातली. फ्रॉक नीट केला, हाताला येतील ते कपडे काखेत मारले आणि टिल्लीला उचललं.

"एकटीजवळ नाही ठेवायची मी आता हिला," ती म्हणाली. "तुमच्याजवळ."

"नकोच ठेवूस," आजी म्हणाली.

सून दाराकडे वळली. तिच्या खांद्यावरून टिल्लीला आजी दिसली. सकाळचं सगळं ती कधीच विसरून गेली होती. तिचा चेहरा फुलला. "जीजी," ती म्हणाली आणि दोन्ही हात पसरून तिच्याकडे झेपावली. सुनेने तिला आवळून धरलं.

आजी पलंगाच्या कडेवर बसली होती. दार लागेपर्यंत तिने आपले दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले.