राखीव नमुना क्रमांक चारशे बारा

मीठताईंचं खरं नाव हजेरीपुस्तकात होतं आणि तिथेच पडून राहिलं होतं. खाद्यपदार्थ तपासणाऱ्या त्या प्रयोगशाळेत त्या एकोणीस वर्षं एकच काम करत आल्या होत्या. पाकिटातून विकलं जाणारं जे काही समोर येईल, त्यात मीठ किती ते काढायचं. काचेच्या लांब नळीतून थेंब थेंब द्रावण सोडायचं, खालच्या पिवळ्या पाण्यावर विटकरी झाक आली की तोटी बंद करायची आणि आकडा लिहायचा. एक थेंब जास्त पडला तर पहिल्यापासून पुन्हा. हाताखालच्या कितीतरी जणांना त्यांनी त्या एका थेंबापायी रडकुंडीला आणलं होतं.

अशा बाईंना झटपट नूडल्स आवडाव्यात, हा नशिबाचा खोडसाळपणाच म्हणायचा. आणि आवडाव्यात म्हणजे किती, तर दुकानात त्या मांडणीसमोरून जाताना त्या उगाच हळू चालायच्या. सगळ्यात स्वस्त, पिवळट, मसाल्याची चकचकीत पुडी असलेल्या, तीन मिनिटांत होणाऱ्या नूडल्स. एका पाकिटात दिवसभराच्या मिठातलं निम्म्याहून जास्त मीठ असतं, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. तळून वाळवलेल्या असतात, पोषणाच्या नावानं शून्य, हेही ठाऊक होतं. घरात तर त्यांनी नूडल्सना बंदीच घातली होती. नवऱ्याचा रक्तदाब आणि लेकीची वाढ ही दोन कारणं पुढे करून त्यांनी असं भाषण ठोकलं होतं, की त्या दिवसापासून दोघं बिचारे दुकानात नूडल्सकडे बघायचेही चोरून.

आता ऑफिसात काय चालायचं ते सांगायला हवं. तपासणीला आलेल्या प्रत्येक मालाची तीन पाकिटं यायची. एक फोडून तपासायचं, एक हाताशी ठेवायचं आणि तिसरं पांढऱ्या पिशवीत बंद करून, वर नुसता क्रमांक आणि तारीख घालून, सहा महिने भांडारात जपायचं. तो राखीव नमुना. कंपनीनं निकालावर हरकत घेतली, तर तिच्या माणसासमोर तो फोडून पुन्हा तपासायचा. सहा महिने कोणी हूं की चूं केलं नाही, की नमुना मोकळा. मोकळा नमुना टाकून द्यायचा असं नियमात होतं, पण धडधाकट बिस्किटं कचऱ्यात टाकायला कोणाचा हात धजत नसे. ती चहाच्या टेबलावर यायची आणि वरिष्ठ त्या वेळी नेमके खिडकीबाहेर बघायचे.

भांडार सांभाळायचे किल्लीकाका. एकोणतीस वर्षं नोकरी, निवृत्तीला सात महिने, आणि कमरेला अडकवलेली किल्ली आंघोळीपुरती तरी काढत असतील की नाही कोण जाणे. त्या बुधवारी मात्र त्यांची दाढ ठणकत होती. दातांच्या डॉक्टरांकडे जायचं होतं आणि मोकळ्या नमुन्यांची यादी तर त्याच दिवशी करायची होती.

"द्या इकडे किल्ली," मीठताई म्हणाल्या. "मी करते यादी. तुम्ही दाढ बघा."

"नियमात बसत नाही, ताई."

"काका, गालाचा फुगा झालाय तुमच्या. द्या."

काकांनी दिली. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा दिली, आणि तीही मीठताई होत्या म्हणून.

भांडारात मीठताई पिशव्या काढत गेल्या. जॅम, चिवट चॉकलेटं, टोमॅटोचा सॉस. मग एका पिशवीला हात लागला आणि बोटांनाच कळलं, आत काय आहे ते. चौकोनी, खडबडीत, कोपऱ्याला दाबलं की कुरकुरणारं. तोंडाला असं पाणी सुटलं की विचारू नका. दुपारचे साडेतीन वाजले होते आणि सकाळच्या उकडलेल्या भाज्यांचा पोटात मागमूस उरला नव्हता. त्यांनी तारीख बघितली, डाव्या हाताच्या बोटांवर भरभर महिने मोजले. सहा भरले. यादीत नोंद करायचं भानही उरलं नाही. चहाच्या खोलीत किटलीभर पाणी उकळलं, सगळाच्या सगळा मसाला घातला आणि खिडकीशी उभं राहून, एकेक धागा ओढत, त्यांनी त्या नूडल्स संपवल्या. वाडगा तोंडाला लावून रस्साही प्यायल्या. रिकाम्या वाडग्याकडे बघत त्यांनी एक खोल श्वास घेतला. त्या आठवड्यातला त्यांचा सगळ्यात सुखाचा क्षण तो होता, यात शंका नाही.

सोमवारी पत्र आलं. नमुना क्रमांक चारशे बारा, नूडल्स. पाकिटावर छापलंय त्यापेक्षा मीठ बरंच जास्त असल्याचा निकाल कंपनीला मान्य नव्हता. शुक्रवारी कंपनीचा माणूस येईल, त्याच्यासमोर राखीव नमुना फोडावा.

काका भांडारात गेले आणि रिकाम्या हातांनी परत आले. मीठताईंनी पुन्हा बोटं उघडली, पण या वेळी सावकाश. नमुना ज्या महिन्यात आला, तो महिनासुद्धा त्यांनी एक बोट म्हणून धरला होता. सहा नाही, पाचच भरले होते. द्रावणाच्या अर्ध्या थेंबावरून लोकांना घाम फोडणारी बाई, भुकेच्या तडाख्यात पाच आणि सहा यांत फसली होती.

"किल्ली तुमच्याकडे असते, काका," प्रयोगशाळेच्या प्रमुख, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्या शांतपणे म्हणाल्या. त्या ओरडत नसत, आणि तेच जास्त लागायचं. "शुक्रवारपर्यंत नमुना सापडायला हवा. नाहीतर हरवल्याचा फॉर्म भरून मला वर पाठवावा लागेल. त्यावर तुमचं नाव येईल."

काका मान खाली घालून उभे राहिले. बुधवारी किल्ली कोणाकडे होती, याबद्दल त्यांच्या तोंडून अक्षर निघालं नाही. मीठताईंना तेव्हाच बोलायचं होतं. पण धीर झाला नाही. मीठ किती घातक यावर शाळा-शाळांतून व्याख्यानं देणाऱ्या मीठताईंनी नूडल्स खाल्ल्या, आणि त्याही पुराव्याच्या! लोक हसून हसून लोळले असते. नवऱ्याला काय सांगायचं, लेकीला काय तोंड दाखवायचं?

मंगळवारी काकांनी भांडाराच्या दोन मांडण्या रिकाम्या करून पुन्हा लावल्या. बुधवारी उरलेल्या चार. शेजारच्या टेबलावर तेल-तुपाची तपासणी करणारा पोरगेला सहकारी, तेल्या, सल्ला द्यायला कायम तयार.

"फॉर्ममध्ये 'उंदरांनी खाल्ला' असा रकानाच आहे, काका. खूण करा आणि मोकळे व्हा."

"माझ्या भांडारात उंदीर?" काकांचा आवाज फाटला. "एकोणतीस वर्षांत एक नाही शिरला! आणि आता जाता जाता मी असं लिहून देऊ?"

मीठताईंच्या नळीतून एक थेंब जास्त पडला. त्यांनी ते सगळं ओतून दिलं आणि पुन्हा सुरुवात केली. तोही प्रयोग बिघडला.

गुरुवारी दुपारी त्या भांडारात गेल्या, तर काका स्टुलावर चढून, मांडणीच्या मागे टॉर्च मारून बघत होते. शर्टाच्या बाह्या धुळीनं काळ्या झाल्या होत्या. दाढेची सूजही पुरती उतरली नव्हती.

"ताई, माझ्या हातून इथली टाचणी कधी हरवली नाही," ते वरूनच म्हणाले. "म्हातारा झालो बहुतेक. कुठे ठेवलं ते आठवतच नाही."

मीठताईंना त्या क्षणी स्वतःची इतकी लाज वाटली, की भीती कुठल्या कुठे गेली.

"खाली उतरा, काका. तुम्ही काही हरवलेलं नाही. मी खाल्लं ते."

काका उतरले. स्टुलावर बसले. टॉर्च चालूच राहिला होता, तो त्यांच्या पायांवर उजेड पाडत होता.

"तुम्ही?"

"मी. महिने चुकीचे मोजले."

"नूडल्स?"

"हो हो, नूडल्स! किती वेळा विचाराल?"

काकांनी टॉर्च बंद केला. मग म्हणाले, "तीन दिवस मला वाटत होतं, माझं डोकं चळलं." आणि त्यांनी खिशातला रुमाल काढून डोळे पुसले. मीठताई तिथेच जमिनीवर बसल्या आणि फॉर्म मांडीवर घेतला. फुटला, भिजला, उंदरांनी खाल्ला, चोरीस गेला, हे सगळे रकाने सोडून त्यांनी 'इतर कारण' या ओळीवर लिहिलं: "नमुना मी स्वतः शिजवून खाल्ला. भांडाराची किल्ली मीच मागून घेतली होती. भांडारपालांचा दोष नाही." खाली ठळक सही ठोकली.

संध्याकाळी घरी त्यांनी सगळं एका दमात सांगून टाकलं. लेकीचा घास हातातच राहिला. नवरा मात्र गंभीर झाला.

"एकटीनंच खाल्ल्या?" त्यानं विचारलं. त्याला दुःख झालं होतं ते तेवढ्याचंच.

शुक्रवारी कंपनीचे साहेब आले. कडक इस्त्री, हातात चामडी बॅग. मोठ्या बाईंच्या खोलीत मीठताई आणि काका दोघंही हजर होते. बाईंनी एक शब्द न बोलता फॉर्म पुढे सरकवला. साहेबांनी वाचला. मग चष्मा पुसून पुन्हा वाचला. त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

"म्हणजे इथल्या मिठाच्या तज्ज्ञ बाईंनी आमच्या नूडल्स खाल्ल्या? आपण होऊन?"

"आपण होऊन," मीठताई म्हणाल्या. कान तापले होते.

"आणि आवडल्या?"

"खोटं कशाला बोलू? फार आवडल्या."

साहेब खुर्चीत पुढे सरकले. "बाई, राखीव नमुना नाही म्हणजे तुमचा निकाल आज रद्दच होतो. दुकानातून नवा माल आणा, पुन्हा तपासा, यात दोन महिने जातील. त्यापेक्षा असं करू. तुमचा मिठाचा आकडा आम्हाला मान्य. हरकत मागे. फक्त या फॉर्मची एक प्रत आम्हाला द्या, आणि जाहिरातीत वापरायची परवानगी."

मोठ्या बाईंनी मीठताईंकडे बघितलं. "सही तुमची आहे. तुम्ही सांगा."

मीठताईंच्या डोळ्यांसमोर भिंतीएवढे फलक आले. त्यावर आपला फोटो, हातात वाडगा. अंगावर काटा आला. पण भीतीचा कोटा गुरुवारी स्टुलापाशीच संपला होता.

"द्या की प्रत," त्या म्हणाल्या. "माझी एकच अट. जाहिरातीत मी खाल्ल्या हे जेवढ्या मोठ्या अक्षरात छापाल, तेवढ्याच मोठ्या अक्षरात त्यात मीठ किती आहे ते छापायचं. माझा आकडा. दोन्ही शेजारी शेजारी."

साहेबांचं हसू अर्ध्यावर थांबलं. "अहो, मीठ एवढं मोठं छापून कोणी नूडल्स विकतं का? लोक घेतील तरी?"

"मी घेईन," मीठताई म्हणाल्या. "एकोणीस वर्षं मला आकडा माहीत आहे, आणि एकोणीस वर्षं मी खातेय. रोज नाही खात, कारण आकडा माहीत आहे. बाकीच्यांनाही तो कळू द्या. मग त्यांचं ते ठरवतील, रोज खायच्या की कधीतरी. तुमच्या नूडल्स छान आहेत हो, साहेब. लपवण्यासारख्या नाहीत. मग मीठ तेवढं कशाला लपवता?"

मोठ्या बाई पहिल्यांदाच खिडकीबाहेर न बघता सरळ साहेबांकडे बघत होत्या. साहेबांनी फॉर्म एकदा उलटा केला, एकदा सुलटा केला आणि परत टेबलावर ठेवला.

"जाहिरात राहू द्या," ते शेवटी म्हणाले. "पुन्हा तपासलंत तरी आकडा हाच येणार. पाकिटावरचा आकडा बदलतो. हरकत मागे घेतो. कुठे सही करायची?"

आणि कोटाचे, शर्टाचे, बॅगेचे खिसे ते चाचपू लागले. काकांनी पुढे होऊन आपला पेन त्यांच्या हातात दिला.