तिसरी ओळ

डिंकबाईंनी फुटलेल्या सोंगटीच्या दोन्ही तुकड्यांना डिंक लावला, तुकडे चिमटीत घट्ट धरले आणि मनात शंभरपर्यंत मोजायला सुरुवात केली. साठावर आल्या होत्या तेवढ्यात शिपाई दारात येऊन उभा राहिला.

"साहेबांनी बोलावलंय. लगेच. विद्यापीठातून कोणी मॅडम आल्यात."

"चाळीस राहिलेत," त्या म्हणाल्या, आणि चाळीस पुरे करूनच उठल्या.

संग्रहालयात त्यांना सगळे डिंकबाईच म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. फुटलेलं जोडायचं आणि मळलेलं साफ करायचं, हे काम करता करता सव्वीस वर्षं गेली होती, पण त्यांच्या हातून एक कपची उडालेली नव्हती. बाकी आयुष्यात फारसं काही धड राहिलं नव्हतं, त्यामुळे या एका गोष्टीचा त्यांना भारी अभिमान होता आणि तो त्या लपवीतही नसत.

साहेबांच्या टेबलावर पट मांडलेला होता. घरं एक्याऐंशी. मधोमध राजा, भोवती त्याचे आठ रक्षक आणि चारही कडांना सोळा हल्लेखोर. राजाने पटाची कड गाठायची, हल्लेखोरांनी त्याला वाटेत कोंडायचं. अठरा वर्षांपूर्वी एका उत्खननात या सोंगट्या मिळाल्या आणि सोबत खेळाचे नियम कोरलेली एक दगडी पाटी. बाईंनी ती साफ केली, साहेबांनी वाचली. दोन ओळी स्वच्छ होत्या. तिसरीच्या जागी नुसता खरबरीत दगड होता.

दोन ओळींवर खेळ काही संपेना. अडचणीत आला की राजा पळत मधल्या घरात जाऊन बसे आणि तिथे त्याला कोणी धरू शकत नसे. साहेब आणि बाई वर्षभर जेवणाच्या सुट्टीत खेळत राहिले. साहेब राजाच्या बाजूने, बाई हल्लेखोरांच्या. हे कोणी ठरवलं नव्हतं आणि विचारायची गरजही कोणाला पडली नव्हती. बाई त्याच वर्षी सासर सोडून भावाकडे आल्या होत्या. घरातून निघताना रोज वहिनी विचारी, "मग, कधी जाताय परत?" अशाच एका दुपारी साहेबांचा राजा सातव्यांदा मागे पळाला आणि बाई भडकल्या.

"हे काय चाललंय, साहेब? एकदा घर सोडलं ना, मग परत त्यात पाय ठेवायचा नाही. बाहेर मरायचं तर मरायचं!"

साहेब हसले नाहीत. त्यांनी तसं खेळून पाहिलं. डाव वीस मिनिटांत निकाली निघाला आणि साहेबांनी वही काढली. पुढे त्यांचं पुस्तक आलं, त्यात या एका नियमावर चाळीस पानं होती. तिसऱ्या ओळीच्या पुसट खुणांवरून आपण हा नियम वाचला, असं साहेबांनी त्यात बिनदिक्कत लिहिलं होतं. बाईंनी ते वाचलं, कडू घोट गिळला आणि पुढचं मडकं जोडायला घेतलं.

पाहुणी तिशीतली होती. तिच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. बाई आत येताच तिने एक मोठा फोटो त्यांच्यासमोर धरला.

"बघा ना! गेल्या महिन्यात आमच्या उत्खननात निघाली. तुमच्याकडे आहे तशीच पाटी, पण अख्खी. पहिल्या दोन ओळी त्याच. आणि तिसरी ऐका. 'घर सोडलेल्या राजाने पुन्हा त्या घरात पाय ठेवू नये.' सरांचा नियम! सगळे म्हणायचे, सरांनी तो मनानंच रचलाय. आता बसतील गप्प."

कोणी बस म्हणायच्या आत बाई खुर्ची ओढून बसल्या. कुठल्या काळातल्या कोणाला तरी नेमकं हेच सुचलं होतं. त्यांना इतका आनंद झाला, की हसू आवरेना. तो आनंद फार तर अर्धं मिनिट टिकला.

"एकच विचारायचं होतं," पाहुणी म्हणाली. "इथल्या पाटीवर आता काहीच दिसत नाही. सरांनी वाचलं, म्हणजे खुणा होत्या. मग त्या गेल्या कुठे?"

साहेबांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला.

"साफ करताना गेल्या," ते काचेकडे बघत म्हणाले. "मी आधी वाचून घेतलं होतं म्हणून बरं. दगड ठिसूळ होता हो. बाईंना तरी काय दोष द्यायचा."

"काही गेलेलं नाही!" बाईंचा आवाज चढला. "तिथे काही नव्हतंच. मऊ ब्रश आणि ओला कापूस, याशिवाय मी त्या पाटीला काही लावलं नाही. तो नियम मी सांगितला. याच टेबलावर, खेळता खेळता."

पाहुणीने साहेबांकडे पाहिलं. साहेबांची दुसरी काच पुसायची राहिली होती.

"बाई, असं कसं होईल?" ती अगदी मायेने म्हणाली. "तुम्ही सहज बोललात आणि तेच तिकडे दगडावर कोरलेलं निघालं?"

हे कसं झालं, ते बाईंनाही ठाऊक नव्हतं. नियम खोटा ठरला असता तर निदान तो त्यांचा तरी राहिला असता.

"मी त्या वर्षी घर सोडलं होतं, वहिनी रोज विचारायची..." त्या बोलू लागल्या आणि पाहुणीचा गोंधळलेला चेहरा बघून थांबल्या. "साहेब, तुम्ही सांगा ना. तुमच्यासमोर बोलले होते मी."

"जाऊ द्या हो, बाई," साहेब म्हणाले. "इतक्या वर्षांनी कशाला मनाला लावून घेता? मी कधी एका शब्दानं बोललो का तुम्हाला?"

पाहुणीने वहीत एक ओळ लिहिली. मग पुढे वाकून तिने बाईंच्या डिंकाने चिकट झालेल्या हातावर हात ठेवला.

"घाबरू नका," ती हळूच म्हणाली. "'साफ करताना नष्ट झाली', एवढंच लिहिलंय. तुमचं नाव कुठेही येणार नाही."