सोमवारी ओरडलेला भोंगा

मित्रांनो, हिकडं बघा न, रिक्षाच्या टपावर! अंगाला पोचे, तोंडाला नवा निळा रंग. तो भोंगा मीच. रंग कालचा हाय, मी जुना हाय. पाच वर्षं मी दुसऱ्याचंच बोलत आलो. तारेतनं जे आलं, ते तोंडातनं गेलं. आत्ता रिक्षावाला चहाला गेलाय, मशीन बंद हाय, म्हणून पहिल्यांदाच माझं स्वतःचं सांगून राह्यलो. मधी तोडू नका. तो आला की संपलं.

माझा जन्म जालन्याच्या एका बारक्या कारखान्यातला. अजमतचाचांनी ॲल्युमिनिअमचा पत्रा फिरत्या साच्यावर दाबून माझं तोंड काढलं, मागं आवाजाचं युनिट बसवलं, अन् माईकवर म्हणाले, "बोल बेटा, मगर सच बोल." हसत म्हणाले ते. मी मात्र खरं धरून बसलो.

पहिली नोकरी लागली सर्जेरावांकडं. ते सरपंचकीला उभे होते. मला अशाच एका रिक्षावर बांधलं, अन् बारा दिवस सकाळ-संध्याकाळ मी एकच बोलत होतो: "पंचायतीत बंद दाराआड काय शिजतं, तुम्हाला कळतं का? न्हाई! आता प्रत्येक सभा भोंग्यावर! घरबसल्या ऐका! ठेकेदार असो, एजंट असो, सरपंचाला भेटला की त्याचं नाव अन् त्याचं काम त्याच संध्याकाळी भोंग्यावर!"

मित्रांनो, माझा ऊर भरून येत होता. हे वचन सर्जेरावांचं, पण आवाज माझा होता न! लोक माझ्याकडं बघून माना हलवत होते.

सर्जेराव निवडून आले. मला पंचायतीच्या गच्चीवर खांबाला बसवलं, हार घातला, नारळ फोडला. खाली लगेच बाजाराचं मैदान. दर बुधवारी तिथं आठवडी बाजार भरायचा. बरोबर माझ्या खाली लिंबाच्या सावलीत शकीला आपा बांगड्या घेऊन बसायची, अन् तिच्या शेजारी गोजरबाई वांगी-टमाटे मांडायची. आपाची ती जागा तिच्या सासूपासूनची. आसपासच्या खेड्यांतल्या बाया ती जागा डोळे झाकून गाठायच्या. लग्नाचा चुडा भरायचा तर लिंबाखालीच.

पहिले दिवस काय होते म्हणून सांगू! बोअरवेलवाला एक एजंट आल्ता. जाताना माईकवर वाचणाऱ्या शिपाई कडूबामामाच्या हाता-पाया पडला, "मामा, माझं नाव तेवढं घेऊ नका." मामा म्हणाले, "तुमचं घेतलं न्हाई, तर माझी नोकरी जाईल." संध्याकाळी मी त्याचं नाव, गाव, काम, सगळं ठणठणीत सांगितलं. तो माणूस परत दिसला न्हाई.

पहिल्या ग्रामसभेत शकीला आपा गेली अन् माईक हातात घेऊन उभी राह्यली. "साहेब, सकाळी सातला आम्ही बाजारात येतो, अंधार पडल्यावर घरी जातो. बायांसाठी संडास न्हाई. मंग आम्ही दिवसभर पाणीच प्यायचं न्हाई का?" तिचा आवाज माझ्यातनं पार मारुतीच्या पारापर्यंत गेला. बाप्ये माणसं खाली बघू लागली. दोन महिन्यांत संडास बांधून झाला, पाण्यासकट! गोजरबाई म्हणाली, "शकीले, हा भोंगा न्हाई ग, आपला वकील हाय वकील. फी बी घेत न्हाई." कडूबामामा दर शनिवारी गच्चीवर येऊन ओल्या फडक्यानं माझं तोंड पुसायचे. मी चमकत होतो, मित्रांनो.

अन् तिथंच सगळं चुकत गेलं.

वकील हाय म्हटल्यावर सभेला कोण जातं? भाकरी थापता थापता ऐकू येतंय, दाढी करता करता ऐकू येतंय. पहिल्या सभेला दीडशे माणसं होती. मंग नव्वद. मंग साठ. मी वर एकटाच ओरडून राह्यलो अन् खाली सतरंजी रिकामी. मला वाटायचं, आपलं काम किती झकास चाललंय!

राधेश्याम बी तवाच यायला लागला. तीर्थपुरीच्या रस्त्याला त्यानं माळरान घेतलं होतं अन् प्लॉट पाडले होते. दगड-गोटे, झाड न्हाई, पाणी न्हाई. कुत्रं बी फिरकत नव्हतं. आता बाजार तिकडं हलला, तर त्याच प्लॉटांना सोन्याचा भाव. ही गोष्ट तुमच्यासारख्या पोरांना बी कळंल. पहिल्यांदा आला तवा मी सांगितलं, "श्री. राधेश्याम, काम: बाजाराच्या जागेबाबत." बाजारात कुजबूज झाली. दुसऱ्यांदा तो शाल अन् श्रीफळ घेऊन आला. सर्जेराव कडूबामामाला म्हणाले, "आज लिही, सदिच्छा भेट." मी बोललो, सदिच्छा भेट. मंग दर आठवड्याला सदिच्छा भेट. राधेश्यामला तर मजाच वाटायला लागली. गच्चीकडं बघून म्हणायचा, "मामा, जरा जोरात! अन् राधेश्यामजी म्हणा, नुसतं राधेश्याम नको." आख्ख्या गावात फुकट नाव गाजत होतं की त्याचं! लपवायची गरजच उरली न्हाई. लोकांना त्याच्या नावाची अशी सवय झाली, जशी गिरणीच्या आवाजाची होते. 'काम काय?' असं विचारायचं सगळे विसरले. मी बी विसरलो.

मंग ग्रामसभेची नोटीस निघाली. नववा विषय: आठवडी बाजाराची जागा बदलणे. सभा बुधवारी, सकाळी अकराला, म्हणजे भर बाजाराच्या वेळी! मी सगळं वाचून दाखवलं. आपानं बराबर ऐकलं. तिचा हातातला चुडा तसाच राह्यला.

"मावशी, ही जागा गेली तर त्या माळावर माझ्याकडं कोण येईल? नवरीला काय दगडावर बसवू?"

"मंग जायचं सभेला अन् बोलायचं," गोजरबाई म्हणाली. "पण दुकान कोणाच्या भरवशावर टाकायचं? तुझ्या बांगड्या एक वेळ कोणी नेणार न्हाई, माझे टमाटे तर बकऱ्याच खातील."

आपा हसली. "नववा विषय हाय न. आठवा संपला असं भोंग्यानं सांगितलं की पळत सुटते. वीस पावलं तर हाय."

मित्रांनो, सगळ्या बाजारानं हेच ठरवलं. सगळे आपापल्या दुकानावर, कान माझ्याकडं लावून, तयार. अन् पंचायतीत सभेला पस्तीस माणसं. ग्रामसभेला आमच्या गावात शंभर माणसांच्या सह्या लागत्यात. तेवढी न्हाई जमली तर सभा पुढं ढकलत्यात. सर्जेरावांनी घड्याळ बघितलं, कागद मामाकडं सरकवला. मामांनी वाचलं, मी बोललो: "गणपूर्तीअभावी सभा तहकूब करण्यात येत आहे. तहकूब सभा येत्या सोमवारी सकाळी अकरा वाजता. तहकूब सभेस गणपूर्तीची अट लागू नाही."

बाजारात हशा पिकला. "चला, टळली बला!" गोजरबाईनं एक टमाटा उडवून झेलला.

मामा मिरच्या घ्यायच्या निमित्तानं खाली आल्ते. आपाजवळ वाकले. "आपा, सोमवारी नक्की या."

"मामा, आज शंभर झाले न्हाईत, सोमवारी कुठनं होतील? सोमवारी तर आम्ही सगळे दुसऱ्या गावच्या बाजाराला असतो."

"तेच तर सांगून राह्यलो, त्या शेवटच्या वाक्याचं…"

"कडूबा!" वरनं खिडकीतनं सर्जेराव ओरडले. "चहा सांग! चार!"

मामा उभे राह्यले. त्यांच्या रिटायरमेंटला आठ महिने उरले होते. ते चहा सांगायला गेले. आपा म्हणाली, "काय असंल ते भोंगा सांगंल."

त्या शेवटच्या वाक्याचा अर्थ तुम्हाला सांगतो. पुढं ढकललेल्या सभेला शंभर माणसं लागतच न्हाईत. पाच असली तरी चालत्यात. अन् सोमवारी बाजारवाला एक बी गावात नसतो, हे सर्जेरावांना पोटातल्या भाकरीसारखं ठाऊक होतं.

सोमवारी सात माणसं जमली. माझं मशीन चालू होतं. कोणी वायर तोडली न्हाई, कोणी माझं तोंड दाबलं न्हाई. आवाज तर नेहमीपेक्षा मोठा ठेवला होता! विषय एक, मंजूर. विषय दोन, मंजूर. नववा आला. माझ्या खाली मैदान रिकामं. लिंबाखाली दोन बकऱ्या अन् एक झोपलेलं कुत्रं. मी जीव तोडून ओरडलो, "बाजाराची जागा बदलण्याचा ठराव सर्वानुमते मंजूर!" कुत्र्यानं एक कान हलवला, बस.

बुधवारी बाजार आला तर लिंबाभोवती खड्डे अन् तारेचं कुंपण. आपा थेट सर्जेरावांच्या टेबलापुढं उभी राह्यली. खिडकी उघडी होती, मला सगळं ऐकू आलं.

"साहेब, आम्हाला विचारलं न्हाई."

"शकीलाबी, चोरून केलं का?" सर्जेराव शांतपणे म्हणाले. "नोटीस भोंग्यावर, तारीख भोंग्यावर, ठराव बी भोंग्यावर. एवढा उघडा कारभार जिल्ह्यात दाखवा. तुम्ही ऐकायला नव्हत्या, त्याला मी काय करू?"

आपा वळली. ती बाहेर आली अन् तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, "तूच सांगितलं न? अन् मी नव्हते तवा सांगितलं."

गोजरबाईनं मात्र दगड उचलला. "मेल्या वकिला!" हा उजवीकडचा पोचा तिचाच. मी तो जपून ठेवलाय.

त्यानंतर मला कोणी पुसलं न्हाई. मामा रिटायर झाले. जाताना गच्चीवर आल्ते, फडकं हातात होतं, पण पुसलं न्हाई. माझ्याकडं बघितलं बी न्हाई. तोंडात चिमण्यांनी घरटं केलं, वर धूळ साचली. आता पाच वर्षं भरली, परत निवडणूक लागली, अन् काल मला खाली उतरवून घरटं फेकून दिलं, रंग मारला अन् रिक्षावर बांधलं.

सकाळी माळावरच्या बाजारातनं रिक्षा गेली. शकीला आपा एका छत्रीखाली बसली होती, एका नवरीच्या हातात चुडा भरत. मी ओरडत होतो. तिनं वर बघितलं न्हाई. तिनं त्या पोरीला सांगितलं, ते मी दोन वाक्यांच्या मधल्या फटीत ऐकलं, "हात ढिला सोड, बेटा. त्याला ओरडू दे. पुढच्या गुरुवारी ग्रामसभा हाय, आईला घेऊन ये. सही करून बसायचं. तहकूब झाली तर तहकुबीला बी यायचं. मी दुकान बंद ठेवणार हाय." अन् त्या पोरीची आई, खरं सांगतो, म्हणाली, "बघू. भोंग्यावर कळंलच की."

मित्रांनो, दुसरे भोंगे तुम्हाला सांगत असतील, आम्हाला जपा, आमची धूळ पुसा. माझं उलटं हाय. मला पुसू नका, रंग बी मारू नका. आईला, मावशीला, बापाला हाताला धरून सतरंजीवर नेऊन बसवा. ज्या दिवशी सतरंजी भरलेली असंल, त्या दिवशी मला खुशाल भंगारात घाला. मी घरबसल्या ऐकायची गोष्ट…

आला. चहाचा ग्लास ठेवला त्यानं. मागं युनिट गरम व्हायला लागलंय. मित्रांनो, आता जे ऐकाल ते माझं न्हाई, बरं का, ते माझं…

"मायबाप मतदारांनो! पाच वर्षं उघडा कारभार! काहीच लपवलं न्हाई! परत एकदा सर्जेराव! प्रत्येक सभा भोंग्यावर! घरबसल्या ऐका! घरबसल्या ऐका!"